भूपातला मध्यम

फोन आला तेव्हा मी स्टेजवर होते. तशी मी बहुतेक वेळा स्टेजवरच असते. पनवेल परिसरात कुठेही वर्धापनदिन, गुणगौरव किंवा उद्घाटन असलं की माईक धरून उभी असलेली, पैठणीत न मावणारी एक बाई दिसते ना, ती मी. मंजिरी. त्या दिवशी एका गृहसंकुलाच्या वर्धापनदिनाचं निवेदन करत होते. "यानंतर आपल्यासमोर येत आहेत..." इथपर्यंत आले आणि कोण येत आहेत ते कागदावर बघायला वाकले, तर कागदाशेजारी ठेवलेला फोन थरथरत होता. हिरामणचं नाव. हिरामण कधी फोन करत नाही. तो गाडी काढतो आणि थेट दारात येऊन उभा राहतो. मी माईक लांब धरून फोन घेतला. "ताई, बाई गेल्या," तो म्हणाला. मी काही विचारायच्या आत पुढे म्हणाला, "सकाली झोपेतच गेल्या. कोनाला काय बोलल्या पन नाय." त्याला नेमकं दुःख कशाचं झालंय ते मला कळलं. गुप्तेबाई गेल्या हे एक वेळ समजून घेता आलं असतं. कोणाला काही न बोलता गेल्या, हे मात्र आम्हा दोघांनाही पटण्यासारखं नव्हतं.

वत्सला गुप्ते. असं नाव ठेवताना आईवडिलांचा अंदाज इतका चुकलेला मी दुसरा पाहिला नाही. जुन्या पनवेलच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर आणि बाहेरच्या खोलीत पेटीचा क्लास. गेल्यानंतर दोन दिवसांत हिरामणने चौकात फ्लेक्स लावला. बाईंचा रागीट फोटो, भोवती गुलाबी फुलं, आणि खाली 'प्रेमळ, मायाळू, मनमिळाऊ गुरुमाउली'. मी त्याला तिथेच, रिक्षा स्टँडसमोर गाठलं.

"हिरामण, ही कोण?"

"कोन?"

"ही मायाळू बाई."

"ताई, फ्लेक्सवाल्याकडं तोच मजकूर तयार हाय. बदलाचा तर सांगा."

"बदल."

"मग लिवू काय? खडूस?"

चौकात फोटोखाली 'खडूस' लिहिता येत नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीत येतं. म्हणून हा लेख.

मी बाईंकडे गेले ती चाळिशी उलटल्यावर आणि भरपूर आत्मविश्वासाने. माहेरी लहानपणी पेटी शिकले होते, मंडळाच्या भजनात साथ करत होते, बायका मान डोलवत होत्या. आता जरा 'पुढचं' शिकावं असं मनात आलं. बाई मला बसायला सांगून स्वतः माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि मांडीवर सूप घेऊन मटार सोलायला लागल्या. मला वाटलं, या माझी दखलच घेत नाहीत. मी माझं हुकमी भजन वाजवलं. मान वेळावून, डोळे मिटून, शेवटी एक लांब सूर धरून. झाल्यावर हात जोडले, ते त्यांच्या पाठीला.

"झालं?" भिंतीने विचारलं.

"हो."

"आता शेवटच्या ओळीपासून वाजव."

मी बोटं ठेवली. पट्ट्या समोर, भजन डोक्यात, आणि शेवटची ओळ काही केल्या सापडेना. मनातल्या मनात पहिल्यापासून धावत गेले तरच ती येणार होती. मी म्हटलं, "बाई, असं मधूनच कसं..."

"चोराला येतं. मधूनच शिरतो तो घरात." एक शेंग फोडल्याचा आवाज. "तुला हे भजन येत नाही. तुला फक्त ते सुरू करता येतं. मग ते आपोआप घरंगळत जातं आणि तू वर बसून मान हलवतेस."

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, मी त्या बाईकडे परत जाणार नाही. तो म्हणाला, बरं. दुसऱ्या दिवशी मी गेले. कारण रात्रभर... नाही, रात्रभर वगैरे नाही, मी छान झोपले. पण सकाळी चहा करताना मी ओळखीचं एकेक गाणं शेवटाकडून गुणगुणून बघितलं आणि लक्षात आलं की बाई भजनापुरतं बोलल्याच नव्हत्या. सगळ्याच गाण्यांची पहिली ओळ लाडाकोडात वाढलेली आणि शेवटची ओळ अनाथ.

त्या खोलीत पेटी शिकायचे जे प्रकार चालत, ते बाहेरून बघणाऱ्याला खुळेपणाचे वाटत. नवी गत, म्हणजे पेटीवर वाजवायची धून, शेवटाकडून शिकायची. आधी शेवटचा तुकडा, मग त्याच्या आधीचा, म्हणजे वाजवताना माणूस कायम ओळखीच्या घराकडे जात राहतो. पट्ट्यांवर ताटावरचा रुमाल पसरायचा आणि त्याखालून वाजवायचं. भाता बंद ठेवून नुसती बोटं फिरवायची आणि सूर तोंडाने म्हणायचे. बोट आणि गळा यांचं पटलं नाही तर ते खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जायचं. आज काळी चारमध्ये बसवलेली धून उद्या पांढरी दोनमध्ये, म्हणजे धून तीच, पण बोटांखालच्या सगळ्या पट्ट्या बदललेल्या. कधी इतक्या सावकाश वाजवायला लावत की दोन सुरांच्या मध्ये खालच्या दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करून कढई घेऊन निघून जाई. खाली पातेलं पडलं आणि सूर हलला तर, "पातेलं त्याचं पडलं, तू का पडलीस?"

आणि सगळ्यात दुष्ट प्रकार म्हणजे चमचा-वाटी. तीन गोष्टी एका वेळी चालू असत. समजा एक भूप, एक यमन, एक भजन. बाई भिंतीकडे तोंड करून बसत आणि मनात येईल तेव्हा स्टीलच्या वाटीवर चमचा मारत. चमचा वाजला की असेल तिथे सोडायचं आणि दुसऱ्यात शिरायचं, तेही त्या सांगतील त्या ओळीपासून. नेमकं काहीतरी जमायला लागलं की वाजलाच चमचा. आम्ही कळवळून म्हणायचो, "बाई, आत्ता कुठे बसत होतं!" त्यावर, "म्हणूनच मारला. बसलं की तू ऐकायचं सोडतेस." मी एकदा लबाडी केली. घरी सबंध आठवडा एकटा भूप घोटला, दुसरं काही नाही. रविवारी गेले तर पहिल्याच चमच्याला यमनातून भूपात येताना मी यमनाचा मध्यम सोबत घेऊन आले. आता भूपात मध्यम, म्हणजे 'म', लागत नाही. सा, रे, ग, प, ध, संपलं. संगीताचा गंध नसलेल्याला सुद्धा हे एका दिवसात शिकवता येतं. बाई वळल्यासुद्धा नाहीत. "पाहुणा आलाय," एवढंच म्हणाल्या, "त्याला घरी सोडून ये." मी चपला घालून खाली जाऊन, बाजारात एक चक्कर मारून परत आले. खरंच पाठवलं होतं त्यांनी.

हिरामण माझ्यानंतर आला. तो उलव्याचा. भातशेती विमानतळात गेली आणि त्याच्याकडे वेळच वेळ उरला. गावच्या भजनात पेटी बडवायचा, ती नीट शिकायला आला. गडी उभा-आडवा, बोटं केळ्यांसारखी. पण कान असा की खाली दुकानात कुठल्या धातूचं काय पडलं ते सांगायचा. आता विमानं सुरू झाली आहेत; वरून एखादं गेलं की तो बोट वर करतो, "माझ्या खाचरात उतरतंय." बाई म्हणत, "उतरू दे. तू समेवर उतर." त्याला त्या बैल म्हणत आणि त्याला ते आवडे. बाई वर्गात कधीकधी डावा हात चालवायला लावत. उजव्या हाताची सवय मोडून धून खरंच डोक्यात आहे का ते बघायला. मग भाता मारायला समोर दुसरा माणूस लागतो. मी डाव्या हाताने वाजवायचे आणि हिरामण भाता मारायचा, म्हणजे मी काडी पेटवावी आणि त्याने वादळ सोडावं असं ते व्हायचं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला बाई गमतीशीर वाटत असतील, तर तसं नाही. त्या क्रूर होत्या. पाटणकरकाका म्हणून एक निवृत्त गृहस्थ शिकायला येत. त्यांचा हात थरथरायचा, वयाने. एकदा त्यांनी केविलवाणं हसून हाताकडे बोट दाखवलं, तर बाई म्हणाल्या, "थरथरू दे, पण तालात थरथरू दे." सगळी खोली खाली बघायला लागली. काकांनी पेटी मिटली आणि निघून गेले. पुढच्या आठवड्यात आले, पण ते त्यांचं मोठेपण, बाईंचं नव्हे.

आणि अनघा. बाईंची एकुलती एक मुलगी. वडील लवकर गेले, दोघीच घरात. अनघा शाळेत असताना संमेलनात पेटीवर बसली, सबंध शाळेने टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. नंतर मायलेकी रिक्षात बसल्या आणि रिक्षा सुरू झाल्यापासून घराखाली थांबेपर्यंत बाईंनी तिची एकेक चूक गुणगुणून दाखवली. न ओरडता, न रागावता. चूक, आणि मग ती जागा कशी हवी होती ते. अनघाने त्यानंतर पेटीला हात लावला नाही. ही गोष्ट मला दोघींनीही सांगितली आहे. अनघाने सांगितली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. बाईंनी सांगितली ती अभिमानाने: "एकूण एक आठवत होत्या मला!"

अनघा आता पुण्यात एका कंपनीत मनुष्यबळ विभागात मोठ्या हुद्द्यावर आहे. म्हणजे लोकांशी गोड बोलण्याचा तिला पगार मिळतो. मला यात नेहमी न्याय दिसत आलेला आहे.

गेल्या वर्षी बाई स्वयंपाकघरात पडल्या. उजवी बाजू गेली. हात, पाय, अर्धा चेहरा. जीभ जड झाली, शब्द अडकायला लागले. शिव्या मात्र अडकत नसत. डॉक्टर म्हणाले, असं होतं. आम्ही म्हटलं, होणारच. अनघा रजा काढून आली आणि तिने आईची जी सेवा केली तिला तोड नाही. औषधं, मालिश, सूप, उशा. आणि सतत, दिवसभर, "छान, आई... मस्त, आई... बघ, आज बोट हललं, किती छान!" भेटायला माणसांची रांग लागली. ज्यांना बाईंनी कधी ना कधी रडवलं होतं ती सगळी मंडळी फळं घेऊन आली आणि "होईल हं हळूहळू" म्हणून गेली. बाई त्यांच्याकडे अशा बघत की जणू ती माणसं बेसूर आहेत. एक दिवस पाटणकरकाका आले. खुर्चीत बसले, बाईंच्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. तो चादरीवर थरथरत होता. मग सावकाश म्हणाले, "वत्सलाबाई, तालात." अनघाच्या हातातून पेला पडायचा राहिला. आणि बाई... बाई हसल्या. अर्ध्या चेहऱ्याने. काका गेल्यावर मला म्हणाल्या, "हा... भेटायला आला. बाकीचे... पुण्य करायला."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी मला आणि हिरामणला बोलावून घेतलं. पलंगाशेजारी टेबलावर पेटी ठेवायला लावली. मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "भाता." मी भाता मारायला लागले आणि बाईंनी डावा हात पट्ट्यांवर ठेवला. पन्नास-साठ वर्षं उजव्या हाताने वाजवलेल्या माणसाचा डावा हात. अंगठा नको तिथे यायचा, करंगळी घाबरून वर उभी राहायची. भूपाची साधी गत, आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलेली. ती पडत, झडत, एकदाची संपली.

दारातून अनघा म्हणाली, "आई! किती छान वाजवलंस!"

बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "कसं?"

"भयंकर," मी म्हटलं.

"कुठे?"

"सगळीकडे."

हिरामण भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो म्हणाला, "बाई, बैल बरा."

"उद्या... या," बाई म्हणाल्या.

मग आम्ही रोज जायला लागलो. आणि मी तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला प्रचंड मजा आली. त्यांनी आमच्यावर केलेला एकूण एक छळ आम्ही त्यांच्यावर केला. शेवटाकडून वाजवायला लावलं. रुमाल टाकला. भाता सोडून नुसती बोटं चालवायला लावली. वाटी माझ्याकडे आणि चमचाही माझ्याकडे! भूप जरा सरळ चालायला लागला की मी चमचा मारायचे आणि भजनाची मधलीच ओळ मागायचे. बाईंच्या डोळ्यांत अंगार फुलायचा आणि मी गोड हसायचे. एकदा एकाच जागी बोट सारखं घसरत राहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, रागाने की कशाने कोण जाणे. मी म्हटलं, "रडा, पण लय सोडू नका." अनघाने माझ्या हातातून वाटी हिसकावून घेतली. "मंजिरीताई, तुम्ही माणसं आहात की कोण आहात?"

"नाहीत," पलंगावरून बाई म्हणाल्या. "म्हणून... बोलावते."

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. एकेक शब्द ओढून काढत. "एकदा... लोकांसमोर. मग मेले तरी... चालेल. पण लोक... बघायला नकोत. ऐकायला हवेत. मेले तर... पेटीवाली म्हणून. लकवावाली... म्हणून नाही." अनघाने याचा तिला समजेल तसा अर्थ लावला. आईला लोकांमध्ये जायचंय, आईला कौतुक हवंय. तिने जुन्या विद्यार्थ्यांना गोळा करून एका शाळेच्या सभागृहात कृतज्ञता सोहळा ठरवला. मनापासून, प्रेमाने ठरवला. आणि तिथेच घोळ झाला.

त्या दिवशी निवेदन माझ्याकडे नव्हतं. भाता माझ्याकडे होता. त्यामुळे एका उत्साही तरुणीने माईकवरून बाईंची ओळख करून दिली. नियतीवर मात, जिद्दीची मशाल, एका हाताचा चमत्कार... मी इतकी वर्षं लोकांच्या ओळखी करून देते आहे. आपला धंदा किती ओंगळ आहे ते त्या दिवशी समोर बसून कळलं. सभागृह गच्च. पहिल्या रांगेत अनघा, हातात फोन, चित्रण करायला उभा धरलेला. तिसऱ्या रांगेत हिरामणने आपली खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि स्टेजकडे पाठ करून बसला. एक स्वयंसेवक धावत आला. "काका, कार्यक्रम तिकडे आहे."

"म्हाईत हाय. आमी ऐकाला आलोय."

पडदा सरकला आणि बाईंचा वाकडा खांदा, मांडीवर मेलेला उजवा हात आणि पट्ट्यांवरचा डावा हात दिसला मात्र, टाळ्या सुरू झाल्या. अजून एकही सूर वाजला नव्हता. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भाता उघडला.

भूप. तीच साधी गत. त्या चांगल्या वाजवत होत्या. हे मी समोर बसले होते म्हणून सांगते. बोटं जागच्या जागी, लय संथ पण सरळ. पण पहिली ओळ संपली आणि टाळ्या, पुढच्या ओळीच्या मध्येच टाळ्या, कुणीतरी हुंदका देतंय, कुणी डोळे पुसतंय. लहान मूल पहिल्यांदा चालायला लागल्यावर वाजवतात तशा टाळ्या. बाईंचा अर्धा चेहरा दगडासारखा झाला. आणि दुसऱ्या फेरीत पंचमावरून गंधाराकडे उतरताना डाव्या हाताचं मधलं बोट मध्येच पडलं. मध्यमावर. लख्ख. बोट तिथेच राहिलं. मी भाता तोडला नाही, कारण चुकलं तरी हवा तोडायची नाही हे त्यांचंच शिकवणं. मग बोट गंधारावर गेलं आणि गत पुढे चालू झाली. सभागृहाने आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

"बाई! मध्यम लागला!"

टाळ्या थांबल्या. हिरामण उठला नव्हता की वळला नव्हता. पाठ करूनच ओरडला होता. मग जो गलका झाला... कोण आहे हा, लाज वाटत नाही, बाहेर काढा त्याला. दोघांनी त्याचे दंड धरले. हिरामण भिंतीला उद्देशून बोलल्यासारखा म्हणत होता, "लागला म्हंजे लागला. भूपात मध्यम हाय का? इचारा ना त्यांनाच!"

बाईंनी हात वर केला. मी माईक त्यांच्या तोंडाशी धरला.

"सोडा... त्याला. बरोबर... आहे." दोघांनी दंड सोडले. "मुद्दाम... लावला. बघत होते... कोण ऐकतंय." श्वास घेतला. "एवढ्या गर्दीत... एकटा बैल."

आणि हसल्या. वाकडं, मोठ्याने, लाळ गळेपर्यंत. मग मला म्हणाल्या, "पहिल्यापासून." आता काय कुणाची टाळी वाजवायची हिंमत! न जाणो, ही बाई पुन्हा काहीतरी पेरेल आणि आपल्यालाच विचारेल. माणसांनी हातांवरची नजर काढली, कुणी माना खाली घातल्या, कुणी डोळे मिटले, आणि सबंध सभागृहाने घाबरून, कान टवकारून, तो भूप शेवटपर्यंत ऐकला. संपल्यावर कुणालाच कळेना टाळ्या वाजवायच्या की नाही. बाईंनी पेटीचं झाकण लावलं, त्यानंतर टाळ्या आल्या. त्या वेगळ्या होत्या. मला टाळ्यांमधलं कळतं.

अनघा आमच्याशी बोलेनाशी झाली. भर सभेत माझ्या आईचा अपमान, आणि तुम्ही तिघं मिळून हसता. बाई मात्र घरी आल्या, सुरमई मागून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी-चमचा मागितला. त्यानंतर काही महिने आमचा तोच क्रम चालला. शेवटच्या भेटीत त्यांनी पेटी मला वाजवायला लावली आणि स्वतः भिंतीकडे कुशीला वळल्या. झाल्यावर म्हणाल्या, "शेवट... सुधारला. आता सुरुवात... बिघडवलीस." हे त्यांचे माझ्याशी बोललेले शेवटचे शब्द. इतर लोकांना आशीर्वाद वगैरे मिळतात.

गेल्या आठवड्यात अनघाचा फोन आला. घर बंद करून ती पुण्याला निघाली होती. येऊन जाल का, म्हणाली. मी गेले. पलंग उचलला गेला होता, खोली नको तेवढी मोठी दिसत होती. पेटी मधोमध जमिनीवर, बंद. आम्ही तिच्या दोन बाजूंना बसलो. अनघाने चहा दिला. मग फोन काढला.

"मंजिरीताई, त्या दिवशीचं हे चित्रण मी कितीदा बघितलं. मला तो मध्यम कुठे ते अजून कळलेलं नाही. दाखवाल?"

तिने लावलं. पडद्यावर बाईंचा खांदा आला, तो हात आला, आणि अनघाचे डोळे लगेच भरले. "बघा ना, बिचारीचा हात कसा..." मी फोन तिच्या हातातून घेतला आणि पेटीच्या झाकणावर पालथा घातला. आता नुसता आवाज. तिने डोळे पुसले. तो भाग येऊन गेला. "कुठे?" तिने विचारलं. मी तिला भूपाचे पाच सूर म्हणून दाखवले, तिच्याकडून म्हणवून घेतले. तिला ते येत होते. नुसते येत नव्हते, स्वच्छ येत होते. मग आधी चुकीच्या पुढचा भाग लावला, मग थोडा अलीकडचा, मग त्याच्या अलीकडचा. ती पुढे वाकली. तिचा कान पेटीच्या लाकडाशी आला. बाजारातला आवाज, खालची भांडी, काही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. आणि एकदम तिचं बोट वर झालं.

"हा?"

"हा."

"परत लावा."

मी परत लावलं. बोट पुन्हा त्याच जागी वर झालं. तिसऱ्यांदा तर सूर यायच्या किंचित आधीच. मग ती सरळ बसली, कपाळाला आठी घालून. ती आठी मी ओळखते.

"पण ताई, हा मुद्दाम नव्हता."

"कशावरून?"

"इथे आई थांबली. सूर लागल्यावर. लांबलाय बघा तो किती. मुद्दाम चुकणारं माणूस थांबेल कशाला? लगेच पुढे जाईल." ती माझ्याकडे रोखून बघायला लागली. "भाता तुमच्या हातात होता. तुम्हाला माहीत होतं."

मी चहाचा घोट घेतला. मला माहीत होतं. ते बोट त्या पट्टीवर पडलं तेव्हा बाईंचे डोळे माझ्यासमोर हातभर अंतरावर होते. इतकी घाबरलेली बाई मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. पण हे मी हिरामणलाही सांगितलं नव्हतं.

"चुकली," अनघा म्हणाली. आधी हळू, स्वतःशीच. मग मोठ्याने, "चुकलीच ती! आणि वर खोटं बोलली! एवढ्या सगळ्यांसमोर!" ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तिला त्याचं भान नव्हतं, कारण फोन तसाच पालथा, वाजत होता आणि गलका संपून पहिल्यापासूनचा भूप सुरू झाला होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"शू," अनघा म्हणाली. "ऐकू द्या."